मशीन टेबलापर्यंत : आमची वाटचाल

हॉटेलातलं कार्डाचं मशीन टेबलापर्यंत आलं ते हौसेनं नव्हे. १ डिसेंबर २०१३पासून रिझर्व्ह बँकेने डेबिट कार्ड दुकानात वापरताना पिन सक्तीचा केला. बिलाच्या फोल्डरमध्ये कार्ड ठेवायचं आणि वेटरने ते गल्ल्यावर नेऊन घासायचं, ही पद्धत तिथेच अडली. पिन ग्राहकानेच दाबायचा. म्हणजे एकतर ग्राहकाने जेवण आटोपून गल्ल्यावर रांग लावायची, नाहीतर मशीन त्याच्यापर्यंत न्यायचं. मुंबईत तिसरा मार्ग सर्रास निघाला, वेटरला तोंडी पिन सांगायचा. तो मार्ग बंद करणं हे आमच्या फर्मचं पहिलं खरं काम.

तोवर लॅमिंग्टन रोडच्या गाळ्यात आम्ही बिलाचे आणि केओटीचे, म्हणजे स्वयंपाकघरात जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीचे, प्रिंटर दुरुस्त करत होतो. मशीन बँक देते, त्यातल्या कीज, म्हणजे व्यवहार सुरक्षित ठेवणारे गुप्त कोड, बँकेचा माणूस भरतो, त्यात आमचा हात नाही. पण मशीन गल्ल्यावरून उचलून सात नंबरच्या टेबलावर नेलं की ते चालेल का, हे बँक बघत नाही. सिग्नल, चार्जिंग, स्लिपच्या कागदाचे रोल आणि वेटरचं शिक्षण या चार गोष्टी आम्ही वार्षिक करारावर घेतल्या. आजही फर्म त्यावरच उभी आहे.

सिग्नलचं आधी. लोअर परळच्या जुन्या मिल कंपाउंडमधली तळघरातली रेस्टॉरंट आणि फोर्टातल्या दगडी भिंतींच्या इमारती, दोन्हीकडे सिमवालं मशीन दारात चालतं आणि आत गेल्यावर गप्प होतं. आम्ही बसवायच्या आधी प्रत्येक कोपऱ्यातल्या टेबलावर मशीन ठेवून छोटा व्यवहार करून बघतो. तोही जेवणाच्या गर्दीत, कारण रिकाम्या हॉटेलातला सिग्नल आणि दुपारी दीडला आसपासची सगळी ऑफिसं खाली उतरल्यावरचा सिग्नल यांत फार फरक पडतो. जिथे सिम टिकत नाही तिथे वायफाय. पण ग्राहकांना वाटलेलं वायफाय मशीनला देऊ नये, त्याचं नेटवर्क आणि पासवर्ड वेगळा हवा. शिवाय राउटर मायक्रोवेव्हच्या शेजारी टांगू नका. दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात असतात, मायक्रोवेव्ह चालू झाला की व्यवहार अडकायला लागतात.

सिग्नल शोधत राहणारं मशीन गरम होतं आणि बॅटरी खातं. ‘बॅटरी बाद झाली’ अशा तक्रारींत बऱ्याचदा बॅटरी ठीक असते, मशीन रात्रभर सिग्नल नसलेल्या कपाटात चालू राहिलेलं असतं. चार्जरही त्याच मशीनचा लावा. मोबाइलच्या जुन्या चार्जरची पिन बसते, पण तो पुरेसा करंट देत नाही. मग सकाळी पडद्यावर चार्जिंगची खूण दिसते आणि दुपारी प्रिंट निघता निघता मशीन बंद पडतं, कारण प्रिंटरचं डोकं तापताना बॅटरीवर सगळ्यात मोठा ताण येतो.

वेटरला शिकवताना पहिला धडा पैशांचा, म्हणजे अक्षरशः पैशांचा. जुन्या बटणवाल्या मशीनवर शेवटचे दोन आकडे पैशांचे असतात. साडेबाराशेचं बिल १-२-५-० असं दाबलं तर साडेबारा रुपये कापले जातात. म्हणून रक्कम दाबली की पडदा ग्राहकाकडे वळवायचा, रक्कम मोठ्याने वाचायची, मगच कार्ड. चिपचं कार्ड ‘काढा’ असं येईपर्यंत खाचेतच राहू द्यायचं. टॅप करायचं असेल तर पाकिटातून कार्ड बाहेर काढायला सांगायचं, कारण आत मेट्रोचं कार्ड असलं की मशीनला दोन कार्डं दिसतात आणि ते नकार देतं. बिनपिनच्या टॅपची मर्यादा २,००० रुपये होती, १ जानेवारी २०२१पासून ती ५,००० झाली. कार्डाची बहुतेक बिलं तेव्हापासून पिनशिवाय होतात. तरीही एखाद्याचं कार्ड टॅपला दाद देत नाही, कारण ऑक्टोबर २०२०पासून नव्या कार्डावर ही सोय बंदच येते आणि ग्राहकाला ती बँकेच्या ॲपमधून चालू करावी लागते. वेटरने हे दोन वाक्यांत सांगितलं की ‘तुमचं मशीनच खराब’ हे ऐकावं लागत नाही.

सगळ्यात जास्त भांडणं होतात ती ग्राहकाच्या मोबाइलवर पैसे गेल्याचा मेसेज येतो आणि मशीनवर स्लिप येत नाही तेव्हा. तेव्हा लगेच दुसऱ्यांदा कार्ड घ्यायचं नाही. आधी शेवटच्या व्यवहाराची डुप्लिकेट स्लिप काढून बघायची. तिथे तो व्यवहार नसेल तर मशीनने पैसे परत करणारा उलट व्यवहार पाठवलेला असतो, किंवा पुढच्या व्यवहाराआधी ते तो पाठवतं. रिझर्व्ह बँकेचा २०१९चा नियम आहे, व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत, उशीर झाला तर बँकेने ग्राहकाला दिवसाला शंभर रुपये द्यायचे. हा नियम छापून आम्ही प्रत्येक गल्ल्यावर चिकटवला आहे.

आमच्या सगळ्या हॉटेलांत लालबागच्या मालवणी हॉटेलच्या काकींचं नाव आधी घ्यायला हवं. त्यांच्याकडे माणसं सुरमई आणि कोंबडी-वडे हाताने खातात, हात धुऊन ओल्या बोटांनीच मशीन घेतात. टच स्क्रीनची नवी मशीनं आली तेव्हा काकींनी दोन दिवसांत ती परत केली. ओल्या बोटाने काचेवर पिन धड लागत नाही, तीन वेळा चुकला की कार्ड ब्लॉक होतं. त्यांनी बटणवालं मशीन ठेवलं आणि बिलासोबत कोरडा नॅपकिन द्यायची सवय लावली. तेव्हापासून हाताने जेवणाच्या प्रत्येक हॉटेलात आम्ही आधी बटणवालं मशीन सुचवतो. रोलचंही त्यांनीच दाखवून दिलं. ५७ मिलिमीटरचे रोल तव्याजवळच्या फळीवर ठेवले की न वापरताच काळे पडतात. आणि स्लिपा प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवल्या की काही महिन्यांत कोऱ्या होतात, म्हणून कागदी लिफाफा.

मग फुकटवाले आले. एका मोठ्या कंपनीची माणसं आमच्याच हॉटेलांच्या दारात उभी राहिली. भाडं शून्य, रोल फुकट, बसवणं फुकट. आम्ही वर्षाचे पैसे घेतो म्हणजे लुबाडतो, असं त्यांनी मालकांना सांगितलं. ते आजही मनाला लागलेलं आहे. करारात बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, महिन्याची उलाढाल ठरावीक रकमेच्या खाली गेली तर भाडं लागू. मालकांना आम्ही तो कागद वाचून दाखवला. काहींनी ऐकलं, बऱ्याच जणांनी नाही. आम्ही शिकवलेली दोन पोरंही ते घेऊन गेले. शनिवारी रात्री मशीन बंद पडलं की त्यांच्याकडे तक्रार नंबर मिळतो आणि माणूस सोमवारी येतो. तोवर मालकाचा फोन आम्हालाच. आम्ही गेलो, पण त्या मशीनला हात लावायचा आम्हाला अधिकार नव्हता. कराराचे दर, म्हणजे प्रत्येक व्यवहारामागे दुकानदाराकडून कापले जाणारे टक्के, नीट वाचा, हे सगळ्या मालकांना सांगणं आहे. जानेवारी २०१८पासून मोठ्या दुकानांना डेबिट कार्डावर जास्तीत जास्त ०.९० टक्के आणि वर्षाच्या वीस लाखांपर्यंतच्या उलाढालीला ०.४० टक्के ही कमाल मर्यादा आहे. रुपे डेबिट आणि यूपीआयवर २०२०पासून काहीच नाही. क्रेडिट कार्डाचा दर मात्र बँकेगणिक बदलतो, ‘फुकट’ मशीनची वसुली तिथे होते. आणि डेबिट कार्डाचे हे टक्के ग्राहकाच्या बिलात लावू नका, त्याला परवानगी नाही.

ती हॉटेलं जात असतानाच मार्च २०२० आला. हॉटेलं बंद, करार थांबले, गाळ्याचं भाडं चालू. ५ ऑक्टोबरला निम्म्या क्षमतेने बसून जेवायला परवानगी मिळाली आणि सगळीकडून एकच फोन सुरू झाला, मशीन चालू होतंय, पण पडद्यावर ‘टॅम्पर’ येतंय. कारण सोपं आहे. मशीनच्या पोटात बटणासारखी छोटी बॅटरी असते, ती कीजवर पहारा ठेवते. मोठी बॅटरी कित्येक महिने पूर्ण उतरलेली राहिली की तो भार छोटीवर पडतो. तीही संपली की मशीनला वाटतं कुणीतरी उघडलं, आणि ते कीज पुसून टाकतं. मग ते बँकेकडेच जातं, जागेवर काही करता येत नाही. ज्या मालकांनी आमचं ऐकून मशीन महिन्यातून दोनदा चार्जिंगला लावलं होतं, त्यांची मशीनं त्याच दिवशी चालली. फुकटवाल्यांच्या हॉटेलांत आठवडे गेले. त्या काळात काकींनी पार्सलच्या कमाईतून पुढच्या वर्षाचा करार आगाऊ भरला, आणि फर्म टिकली ती त्या पैशांवर. बरीच हॉटेलं नंतर परत आली. पोरं परत आली नाहीत.

आता बहुतेक टेबलांवर यूपीआय. आम्ही टेबलावर क्यूआरचे स्टिकर लावायच्या विरोधात आहोत. स्टिकरवर ग्राहक रक्कम स्वतः टाकतो, फोनचा पडदा दाखवतो आणि जातो. तो पडदा जुन्या व्यवहाराचाही असू शकतो आणि गर्दीत वेटरला ते कळत नाही. मशीनच्या पडद्यावरचा क्यूआर त्या बिलाच्या रकमेचाच असतो, पैसे आल्यावरच स्लिप निघते, आणि ती केओटीला टाचता येते.

नवं हॉटेल घेताना आम्ही आता सेटलमेंटची वेळ पहिली विचारतो, म्हणजे मशीन दिवसाच्या व्यवहारांची बॅच बंद करून बँकेला पाठवतं ती वेळ. पुष्कळ मशीनं रात्री अकराला आपोआप बॅच बंद करतात, आणि मुंबईत तेव्हा निम्मी टेबलं भरलेली असतात. बॅच बंद होण्याआधी चुकलेलं बिल जागेवर रद्द करता येतं. नंतर रिफंड टाकावा लागतो, तो ग्राहकाच्या खात्यात पोहोचायला दिवस लागतात आणि तोवर तो मालकाला फोन करत राहतो. बँकेला लेखी अर्ज द्या, वेळ हॉटेल बंद झाल्यानंतरची करून घ्या. अर्जात मशीनचा टीआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, लिहायला विसरू नका. तो चार्ज स्लिपच्या वरच्या भागात छापलेला असतो.