पांढऱ्या शेळीला काळं करडू कसं झालं?

परवा आमची पांढरी शेळी व्याली, जुळी, एक पांढरं आणि एक कोळशासारखं काळं. बोकड उस्मानाबादी जातीचा, काळाच. आण्णा म्हणाले काळं बापावर गेलं आणि पांढरं आईवर, विषय संपला. पण तसं नसतं ना!

शेळ्यांमध्ये अगूटी नावाचा एक जीन असतो, त्यात पांढरा-तांबूस रंग वरचढ आणि पूर्ण काळा सगळ्यात दबका. म्हणजे करडू काळं व्हायला बहुतेक वेळा आई-बाप दोघांकडून काळ्याची कॉपी यावी लागते, म्हणजे आमच्या या पांढऱ्याशुभ्र बाईंनी काळा रंग पोटात लपवून ठेवला होता. अशा जोडीत दर करडाला फिफ्टी-फिफ्टी चान्स, नाणं उडवल्यासारखं, त्यामुळे पुढच्या वेताला दोन्ही काळी झाली तरी बोकडाला नावं ठेवू नका.

अंगावरच्या पांढऱ्या ठिपक्यांचा हिशोब वेगळाच, त्याचे जीन दुसरे. अमेरिकेत त्या बुटक्या नायजेरियन ड्वार्फ जातीच्या शेळ्या पाळणारे लोक तर निळ्या डोळ्यांसाठीसुद्धा जोड्या लावतात, तिथं निळा डोळा वरचढ. आपल्याकडे सांगोल्याच्या बाजारात डोळे कोण बघतंय, आधी दात बघतात आणि मग वजन.

काळं करडू ठेवणार आहे. पाट आहे ती, म्हणजे मादी.