भुताचा मीटर आणि भिंतीतला करंट

हल्ली आमच्या भागात अमावस्या जवळ आली की यवतमाळ, अमरावतीकडून पोट्टे मोटरसायकलवर येतात. पाठीवर बॅग, हातात मोबाइलचा स्टँड. गढीचा रस्ता कुठून जातो, ते विचारतात. माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान फाट्यावरच आहे, त्यामुळे चार्जिंगला, सेल घ्यायला ते आधी माझ्याकडेच थांबतात. त्यांच्या बोलण्यातले शब्द आता गावातल्या पोरांच्याही तोंडी बसले आहेत. ईएमएफ, ईव्हीपी, ऑर्ब, कोल्ड स्पॉट. यातले अर्धे शब्द माझ्या धंद्यातले. ते कशासाठी वापरले जाताहेत हे बघून मी नेटाने वाचायला लागलो. आणि यंदाच्या पावसाळ्यात गावात जे झालं, त्यानंतर हे लिहिणं मला गरजेचं वाटतं.

आधी मीटर. पोट्टे त्याला केटू म्हणतात. हातात मावणारी डबी, वर हिरव्यापासून लालपर्यंत पाच दिवे. ही डबी चुंबकीय क्षेत्र, म्हणजे फील्ड, मोजते, मिलिगॉस या मापात. पोट्ट्यांचा ईएमएफ तो हाच. घरातल्या वायरी, उपकरणं किती फील्ड फेकतात हे बघायला असली मीटर असतात. भुतं शोधणारे म्हणतात की आत्मा आला की फील्ड वाढतं. मोजणारं यंत्र खोटं नसतं, फील्ड खरंच वाढलेलं असतं. प्रश्न एवढाच की ते कशानं वाढलं. वायरीतून जितका करंट जास्त, तितकं फील्ड जास्त. फेज, म्हणजे करंट आणणारी वायर, आणि न्यूट्रल, म्हणजे तो परत नेणारी, शेजारी शेजारी गेले, तर दोघांची फील्ड एकमेकांना जवळजवळ मारून टाकतात. पण करंट एका वायरीनं गेला आणि परत दुसऱ्याच वाटेनं आला, तर साधी घरातली वायरही मीटर लाल करते. खिशातला मोबाइलसुद्धा करतो.

गढीपासून जवळच डीपी, म्हणजे लाईनचा ट्रान्सफॉर्मर, आहे. शेतीची लाईन कधी दिवसाची, कधी रात्रीची. रात्रीच्या पाळीत लाईन आली की शिवारातल्या साऱ्या मोटरी ऑटो स्टार्टरवर एकदम उचलतात. त्या क्षणी डीपीवर लोड चढतो आणि तिची घरघर बदलते. ज्यानं हरभऱ्याला रात्री ओलीत केलं आहे, त्याला ती घरघर ओळखू येते. गढीत मीटर धरून बसलेल्या शहरी पोराला तेवढंच दिसतं की मध्यरात्री दिवे लागले.

ईव्हीपी म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये उमटलेला आवाज, जो त्या वेळी कानाला ऐकू आलेला नसतो. याची सुरुवात मला फार आवडली. 1959 साली स्वीडनमध्ये फ्रीडरिख युर्गेनसन नावाचा चित्रकार टेपरेकॉर्डरवर पक्ष्यांचे आवाज घेत होता, आणि त्यात त्याला माणसं बोलताना ऐकू आली. पुढे लाटव्हियाच्या कॉन्स्टँटिन राउदिवनं असे आवाज हजारोंनी गोळा केले. त्यांची स्पष्टपणावरून ए, बी, सी अशी वर्गवारीही आता चालते. आमच्याकडे जागलीला मचाणावर बसलेल्या माणसाला विचारा. पिंगळे भांडतात तेव्हा बाया कुजबुजत भांडल्यासारखं वाटतं. रातव्याची ठकठक दगडावर काही आपटल्यासारखी येते. कान जे आहे त्यात ओळखीचं शोधतो, तशी डोळ्यालाही ढगात तोंडं दिसतात. स्पिरिट बॉक्स त्याहून सरळ. 2002 मध्ये फ्रँक सम्प्शन नावाच्या अमेरिकन माणसानं बनवलेल्या डबीपासून तो प्रकार रुजला. रेडिओ एका स्टेशनवरून दुसऱ्यावर सारखा पळवत ठेवायचा आणि मधे जे शब्द तुटून येतील ते उत्तर समजायचं. आमच्याकडे तो लावला तर आकाशवाणीचे बाजारभावही तुकड्यातुकड्यांनी येतील.

ऑर्ब, म्हणजे फोटोतले पांढरे गोळे, याबद्दल ज्याला शंका आहे त्यानं हंगामात कोणत्याही जिनिंगमध्ये फ्लॅश मारून फोटो काढावा. हवेत रुईचा बारीक तंतू असतो. कॅमेऱ्याच्या तोंडाशी फ्लॅशनं तो उजळतो आणि फोकस नसल्यामुळे गोल दिसतो. कोल्ड स्पॉटचंही तसंच. पौष महिन्यात रात्री पांदणीनं सायकलवर घरी येताना नाल्याच्या उतारात शिरलं की एकदम कान बधिर होतात, वर चढलं की थंडी कमी. थंड हवा जड, ती खोलगटात जाऊन साचते. गढीच्या पांढऱ्या मातीच्या भिंती हातभर नाही, चांगल्या पुरुषभर जाड आहेत, आत तळघर आहे. तिथली हवा बाहेरच्यापेक्षा वेगळी असणारच.

चकवा मात्र मी थट्टेवारी नेणार नाही. आमच्या गावातली चांगली घट्ट छातीची माणसं चकव्यात सापडली आहेत. आपलंच वावर, आपलाच धुरा, आणि माणूस रात्रभर फिरून पहाटे त्याच हिवराच्या झाडाखाली. ते खोटं बोलत नव्हते. जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या मॅक्स प्लांक संस्थेतल्या यान सोउमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये छापलेला अभ्यास आहे. त्यांनी लोकांना अनोळखी जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर लोक बऱ्यापैकी सरळ गेले. ढग आले, चंद्र मावळला, की ते गोल फिरू लागले, आणि आपण सरळच चाललो अशी त्यांची खात्री होती. अमावस्येची रात्र आणि उंच तूर, चकव्याला एवढं पुरतं.

काही गोष्टींत जिवाला धोका असतो, म्हणून त्या जास्त महत्त्वाच्या. 1921 मध्ये विल्मर नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरनं अमेरिकेतल्या एका मासिकात एका कुटुंबाची हकीकत छापली. नव्या घरात त्यांना पावलं वाजायची, कोणी अंथरुणाशी उभं दिसायचं, मुलं फिकट पडली होती, घरातली झाडं मरत होती. शेवटी भट्टी बिघडलेली निघाली, धूर घरातच येत होता. कार्बन मोनॉक्साइड. आमच्याकडे बाळंतिणीच्या खोलीत दारं लावून शेगडी ठेवतात. अशा खोलीत बाई घाबरली, तिला काहीबाही दिसलं, डोकं दुखून उलटी झाली, तर उतारा टाकण्याआधी दार उघडा आणि तिला बाहेर आणा.

इंग्रजी कार्यक्रमांत भुतांच्या तीन जाती सांगतात. रेसिड्युअल, म्हणजे जुनी घटना तशीच पुन्हा पुन्हा दिसणारी, आणि इंटेलिजंट, म्हणजे विचारलं तर उत्तर देणारी. तिसरा पोल्टरगाइस्ट, वस्तू फेकणारा. तो आमच्या भानामतीच्या अगदी जवळचा. घरावर दगड, दोरीवरचे कपडे पेटणं, जेवणात घाण पडणं. नागपुरातून सुरू झालेल्या अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीची माणसं अशा घरी जातात तेव्हा मीटर नेत नाहीत. घरातल्या प्रत्येकाशी एकेकट्यानं बोलतात. बहुतेक वेळा घरातलंच कोणी सोसण्यापलीकडे गेलेलं असतं. त्याचं नाव ते कोणाला सांगत नाहीत, भानामती थांबते. मला ही पद्धत मोठी वाटते, कारण गावात भूत गढीत राहत नाही. ते कोणाच्या तरी दारात आणून बसवलं जातं, आणि ते दार बहुतेक एकट्या बाईचं असतं.

यंदा नेमकं तेच होत होतं. पोट्टे गढीतून परतताना गल्लीतून मीटर चालू ठेवूनच आले. एका म्हाताऱ्या आजीच्या भिंतीशी पाचही दिवे लागले. त्यांनी तिथंच मोबाइलकडे तोंड करून सांगितलं, इथं एंटिटी, म्हणजे आत्मा, आहे. सकाळी बोरवर पाणी भरताना सगळ्या गल्लीला माहीत. दोन दिवसांत कोणाचं वासरू मेलं, कोणाच्या नातवाला ताप, सारं त्या भिंतीला चिकटलं. शेजारणी तिच्याकडून विरजण नेईनाशा झाल्या.

मी टेस्टर आणि क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीभोवती अडकवून करंट मोजायचा मीटर, घेऊन गेलो. आजी म्हणाली, "बापू, भिंतीले हात लावला का मुंग्या येतेत. पान्यापावसात त जास्तच. सांगून रायली होती मी, पन म्हनते, बुढीच्या घरातच काई हाय."

टेस्टर टिनाला लावला, दिवा लागला. तिच्या कोपऱ्यात अर्थिंगचा रॉड, त्याची वायर भिंतीवरून टिनाला घासत गेलेली. त्या वायरीला क्लॅम्प लावला तर त्यात चांगला तीन अँपिअरच्या वर करंट. अर्थच्या वायरीत एवढा करंट असायचं काही कारण नाही. वायर धरून मागे गेलो. शेजारच्या घराचा न्यूट्रल खांबावर तुटलेला होता आणि कोणीतरी काम चालावं म्हणून तो आजीच्या अर्थिंगला बांधला होता. त्यांचा कूलर, बल्ब, मिक्सर, सगळ्याचा परतीचा करंट आजीच्या भिंतीवरून जमिनीत उतरत होता. सोबत फेज नाही, म्हणून फील्ड मोकळं, म्हणून मीटर लाल. शेजारचं मेन स्विच पाडलं, क्लॅम्प शून्यावर आला. पुन्हा चढवलं, पुन्हा तीन. हे मी गल्लीतल्या लोकांना उभं करून दोनदा दाखवलं. पोलीस पाटलांनाही बोलावलं होतं. रॉडचा जोड गंजला होता. तो तुटला असता तर सगळं टिन जिवंत झालं असतं आणि ओल्या हातानं कडी लावताना आजी गेली असती.

लाइनमननं खांबावरचा न्यूट्रल जोडून दिला. आम्ही खड्डा करून कोळसा, मीठ टाकून नवी अर्थिंग केली, आजीच्या बोर्डात 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन तोडणारा स्विच, बसवली. पोलीस पाटलांनी चावडीवर 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा समजावून सांगितला. करणी करते, भूत आणते म्हणून कोणाला बदनाम करणं, छळणं हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. बऱ्याच लोकांना हे नवीन होतं.

त्या पोट्ट्यांना मी फोन केला. मीटरचं गणित सांगितलं तर पोरं ऐकणारी निघाली. व्हिडिओतून आजीचं घर काढून टाकलं, आणि पुढच्या वेळी गल्लीत शिरण्याआधी मीटर बंद करू असं म्हणाली. त्यांच्यातल्या एकाचं डिप्लोमा इलेक्ट्रिकल सुरू आहे. सोयाबीन निघालं की त्याला घेऊन त्या गल्लीतल्या बाकी घरांची अर्थिंग तपासायची ठरलं आहे. त्याचा केटू मीटर घेऊन यायला सांगितलं आहे, कारण बिघडलेला न्यूट्रल शोधायला तो खरंच कामाचा आहे.