नरकासुराच्या पोटातलं गवत

वसुबारस

वाड्यावर बांबू येऊन पडले आहेत. उद्या रात्री नरकासुराचा पुतळा उभा राहील, परवा नरकचतुर्दशीच्या पहाटे जळेल. गोव्यातली लहान मुलं कशाकशाला घाबरतात ते पाहिलं तर हा दैत्य बहुधा सगळ्यांच्या पुढे असेल. त्याच्यामागे जत्रेतल्या दशावतारी काल्यातला, म्हणजे लोकनाट्यातला, काळ्या वेशातला संकासुर, कार्निव्हलच्या चित्ररथांवरची अवाढव्य डोकी, मोबाइलवरच्या कार्टूनमधला एखादा दात विचकणारा प्राणी आणि घरातला मिक्सर. मोठी माणसं हसतात. पण यातल्या प्रत्येक भीतीला कारण आहे, आणि कारण सापडलं की तिच्यावर काम करता येतं.

नरकासुरावरचा सगळ्यात चांगला उपाय म्हणजे तो बांधताना मुलाला सोबत घेणं. ज्या मुलाने त्याच्या पोटात स्वतः गवत कोंबलंय, ते रात्री त्याच्यापुढे बरंच निर्धास्त असतं. तयार मुखवटे बाजारात मिळू लागले आणि ही पायरीच गळली, याचं वाईट वाटतं.

मुलांसाठी चार फुटी नरकासुर पुरतो. साधारण पाच फुटांचे दोन बांबू पाय आणि पाठीसाठी, तीन फुटांचा एक आडवा हातांसाठी. जिथे बांबू एकमेकांना छेदतात तिथे सुंभ आधी तिरका फुलीसारखा गुंडाळायचा, मग दोन बांबूंच्या मधून दोन-तीन घट्ट वेढे द्यायचे. नुसती गाठ मारली तर हात फिरतात. खाली पायांमध्ये एक तिरपी काठी हवीच. ती विसरली की मुखवटा चढवल्यावर सगळा सांगाडा पुढे कलतो, आणि अंगावर येणारा नरकासुर बघून मूल जे पळतं ते परत जवळ येत नाही. बांबू चिरणं मोठ्यांचं काम, त्याच्या कडा बोट कापतात. जुन्या सदऱ्यात आणि विजारीत सुकं गवत भरणं चार वर्षांच्या मुलालाही जमतं.

मुखवटा मात्र आठवडाभर आधी करायला घ्यावा. पालथ्या मडक्यावर पहिला थर नुसत्या ओल्या कागदाचा, खळ न लावता, म्हणजे शेवटी मुखवटा सुटून येतो. त्यावर वर्तमानपत्राच्या तुकड्यांचे सहा-सात थर, दर दोन थरांनंतर सुकवून. खळीसाठी एक वाटी मैदा एक वाटी गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवायचा, मग चार वाट्या उकळत्या पाण्यात ओतून पारदर्शक होईपर्यंत ढवळायचा. खळीत मोरचूद घालायची जुनी रीत आहे, पण तो विषारी. मुलांचे हात लागणार असतील तर अजिबात नको, त्याऐवजी खळ त्याच दिवशी संपवावी. परतीचा पाऊस रेंगाळला तर मुखवटा सुकायला तीन-चार दिवस लागतात. आतून ओला असताना रंगवला तर बुरशी धरते आणि रंग पापुद्र्यांनी सुटतो.

डोळे मुलाने रंगवावेत. आधी कोरा पांढरा मुखवटा हातात द्यावा, उलटा करून आतली वर्तमानपत्राची अक्षरं दाखवावीत, भोकांतून बाहेर बघायला लावावं. आतून बघितलेल्या चेहऱ्याचा धाक बराच उतरतो.

धनत्रयोदशी

रात्री नरकासुर भीतिदायक दिसतो त्यामागे तीन-चार गोष्टी एकत्र आलेल्या असतात. चेहऱ्यावर उजेड वरून पडायची आपल्या डोळ्यांना सवय असते. पायाशी ठेवलेला तांबडा दिवा सगळ्या सावल्या उलट्या पाडतो, गालाच्या आणि भुवयांच्या. तोंड उघडं असतं पण त्यातून आवाज येत नाही, डोळ्यांत बल्ब असतात पण पापणी लवत नाही. माणसासारखं पण पुरतं माणूस नसलेलं काही दिसलं की एकदम अस्वस्थ वाटतं, हे जपानी यंत्रमानवतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी 1970 साली मांडलं होतं. वर स्पीकरचा ठोका छातीत जाणवतो आणि झोपेची वेळ टळून गेलेली असते.

सगळ्यात मोठा घोटाळा फटाक्याने होतो. 1920 साली अमेरिकेत जॉन वॉटसन आणि रोझली रेनर यांनी एका तान्ह्या मुलावर प्रयोग केला. मुलाने पांढऱ्या उंदराला हात लावला की मागे लोखंडी कांबीवर हातोडा मारायचा. थोड्याच वेळा असं झाल्यावर ते मूल नुसत्या उंदरालाही घाबरू लागलं, पुढे सशाला आणि पांढऱ्या दाढीच्या सांताक्लॉजच्या मुखवट्यालाही. प्रयोग क्रूर होता, आज कुणी करू देणार नाही. पण नरकासुरासमोर कानाजवळ सुतळी बाँब फुटला की नेमकं हेच घडतं. आवाजाची भीती चेहऱ्याला चिकटते, आणि नंतर सगळ्याच मुखवट्यांना.

म्हणून घाबरणाऱ्या मुलाला संध्याकाळी पाचच्या सुमारास, उजेडात, गाणी सुरू व्हायच्या आधी न्यावं. पहिल्यांदा वीस पावलांवर थांबायचं. मग मागच्या बाजूने जायचं, कारण पाठीवर बांबू, सुंभ आणि गवत उघडं दिसतं. मुलाला खांद्यावर बसवू नये. खांद्यावरच्या मुलाला मागे हटता येत नाही, आणि मागे हटता येणं हाच त्याचा आधार असतो. जमिनीवर उभं करून हात धरावा. किती जवळ जायचं ते त्याने ठरवायचं. दिवे लागल्यावर पुन्हा एक छोटी फेरी, आणि ते अजून मजेत असतानाच घरी. रडू फुटल्यावर घेऊन परतलं तर शेवटची आठवण रडण्याची राहते.

पहाटे जाळताना मूल जागं असेलच तर वारा पाठीशी घेऊन लांब उभं राहावं. पोटात फटाके भरलेले असतात आणि ते कुठल्या दिशेने उडतील याचा नेम नसतो. कान आधीच झाकावेत, पहिला बार झाल्यावर नव्हे.

बलिप्रतिपदा

फोवांचे, म्हणजे पोह्यांचे प्रकार संपले, रोजचं वाटण पुन्हा सुरू झालं, आणि घरोघरी मिक्सर लागल्याबरोबर कुणीतरी कान झाकून अंगणात पळालं असणार.

मिक्सरची मोटर मिनिटाला हजारो फेरे घेते आणि आवाज शून्यावरून एका क्षणात टिपेला जातो. मुलाला भिववतो तो हा एकदमपणा. कुकरच्या शिटीचंही तेच; आत दाब साठत असताना बाहेर काहीच दिसत नाही. उपाय मेरी कव्हर जोन्स यांनी 1924 सालीच दाखवून दिला. सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या मुलाला आवडीचा खाऊ देत देत त्यांनी ससा थोडाथोडा जवळ आणला. मिक्सरला ते असं लागू करता येतं. पहिल्या दिवशी प्लग काढून ठेवायचा, पात्याचं भांडं दूर, आणि मुलाला नुसता खटका फिरवू द्यायचा. दुसऱ्या दिवशी ते बाहेर अंगणात असताना आत दोन सेकंद मिक्सर. मग दारात. मग ‘आता लाव’ हे त्याने सांगायचं आणि तुम्ही लावायचा. आवाज कधी येणार हे हातात आलं की अर्धं काम झालं. बिघडतं ते घाईने: दोन पायऱ्या एकदम चढल्या, किंवा चेष्टा म्हणून न सांगता मिक्सर लावला, तर पुन्हा प्लगपासून सुरुवात. मात्र मूल घाबरतं म्हणून मिक्सर लावणंच कायमचं बंद केलं तर भीती तशीच राहते.

कार्टूनमधलं पात्र घाबरवत असेल तर आधी आवाज बंद करून तोच भाग बघावा. बरीचशी भीती संगीतात असते. नंतर चित्र थांबवून ते पात्र कागदावर काढायचं, एक मोठा गोल, दोन छोटे, दातांसाठी नागमोडी रेघ.

तेच पात्र मॉलमध्ये, वेश चढवलेल्या माणसाच्या रूपात, सहा फुटी होऊन पुढ्यात आलं तर मात्र गोष्ट निराळी. मोबाइलवर तळहातात मावणारा मित्र अचानक बाबांपेक्षा उंच झालेला असतो. स्पर्धांच्या शुभंकरांचंही तसंच; 2023 साली गोव्यात झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेचा शुभंकर मोगा हा गवा होता, गोव्याचा राज्यप्राणी. असा वेश चढवणाऱ्याला बाहेरचं फार थोडं दिसतं, बहुधा तोंडाच्या किंवा डोळ्यांच्या जाळीतून, आणि गुडघ्याशी उभं असलेलं मूल तर दिसतच नाही. म्हणून सोबत एक माणूस हवाच. शुभंकराने दोन-तीन मीटरवर थांबावं, बसावं, किंचित बाजूला वळावं, हात हळू हलवावा, आणि मुलाला येऊ द्यावं. फोटोसाठी मुलाला त्याच्या मांडीवर ढकलणं ही आईबाबांची चूक, वेशातल्या माणसाची नाही. घाबरलेल्या मुलापुढे डोकं काढून दाखवू नये. धडावेगळं होणारं डोकं तीन वर्षांच्या मुलाला आणखी भयंकर वाटू शकतं. रिकामं डोकं टेबलावर ठेवून आधीच दाखवलं तर चालतं.

बहुतेक भीती वयाबरोबर जातात. सहा महिन्यांहून जास्त टिकली, किंवा तिच्यामुळे झोप, जेवण, बालवाडी सुटू लागली, तर बालरोगतज्ज्ञांना सांगावं. आणि यंदाचा मुखवटा पुढच्या वर्षासाठी जपून ठेवायचा असेल तर मुलाच्या खोलीत टांगू नये. वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवावा आणि कुठे ठेवला ते मुलाला दाखवावं.