वीस हजारांत बाथरूम

उत्तरायणच्या दिवशी सकाळी आई, म्हणजे माझ्या सासूबाई, बाथरूममध्ये घसरल्या. मनगट मुरगळण्यावर निभावलं. पण चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला भिंत धरून, एकेक पाय सावरत उठताना मी पाहिलं आणि हे काम आता पुढे ढकलायचं नाही, असं त्याच दिवशी ठरवून टाकलं.

आमचं घर बडोद्यात, बाबाजीपुऱ्यात. सासऱ्यांनी हौसेनं बांधलेलं. खाली भाडेकरू, वर आम्ही. बाथरूम साडेसहा फूट बाय साडेचार. १९८४ साली लावलेल्या सहा इंची पांढऱ्या टाइल्स भिंतीवर चार फुटांपर्यंत, आणि खाली जमिनीवरही त्याच, तशाच गुळगुळीत. चाळीस वर्षांत त्या पिवळ्या पडल्या होत्या, काही तडकल्या होत्या, आणि आंघोळीच्या कोपऱ्यामागे आमच्या खोलीच्या भिंतीला ओल यायला लागली होती.

पहिला ठेकेदार आला. दारातूनच नजर टाकून म्हणाला, सगळं तोडायचं, नवीन करायचं, ७२,००० रुपये. आमच्याकडे या कामासाठी २०,००० होते. जूनमध्ये मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती, त्या पैशाला हात लावायचा नव्हता. म्हणून मग मी प्रश्नच बदलला. नवीन बाथरूम किती रुपयांत होईल ते विचारायचं सोडलं आणि या बाथरूममध्ये नक्की काय काय बिघडलंय ते शोधायला बसले.

त्यासाठी ओळखीतून एक वयस्कर कडिया मिळाला. (आम्ही बडोदेकर गवंडी म्हणत नाही, कडियाच म्हणतो.) त्यानं खिशातून रुपयाचं नाणं काढलं आणि एकेका टाइलवर वाजवत भिंतभर फिरला. चांगल्या टाइलचा आवाज टणक येतो. आंघोळीच्या कोपऱ्यात नाणं टेकवलं तर डबा वाजावा तसा बद्द आवाज. "आ तो बोदी छे, बेन," तो म्हणाला. बोदी, म्हणजे आतून सुटलेली. मी खडू घेऊन त्याच्यामागे प्रत्येक बोद्या टाइलवर फुली मारत गेले. पाऊण तासानं मागे सरकून पाहिलं, तर जवळजवळ सगळ्या फुल्या एकाच कोपऱ्यात, नळाच्या भिंतीवर आणि तिला लागून असलेल्या तीन फुटांवर. बाकीच्या भिंतींवर मोजून एकोणीस टाइल्स खराब, जमिनीवर चार. म्हणजे तीन चतुर्थांश बाथरूमला काहीही झालेलं नव्हतं. हे घरच्या घरी कुणालाही करता येतं, आणि कुणालाही बोलवायच्या आधी करावं, असं मी आता भेटेल त्याला सांगते.

कोपराच का सुटला? कारण आमच्याच हातून घडलेलं होतं. महापालिकेचं पाणी सकाळी ठरल्या वेळेला येतं, बाकी दिवसभर बोअरचं. आई सांगतात, त्यांच्या लहानपणी आजव्याच्या पाण्यात डाळ कशी पटकन शिजायची. आजव्याचा तलाव सयाजीराव महाराजांनी शहराच्या पाण्यासाठी बांधून घेतला, १८९२ साली पुरा झाला. बोअरचं पाणी त्याच्यापुढे फार जड. त्याचे पांढरे थर टाइल्सवर चढतात, आणि ते काढायला आम्ही वर्षानुवर्षं ॲसिड वापरत होतो. ॲसिडनं थर जातो हे खरं, पण टाइल्सच्या सांध्यांतलं सिमेंटही तेच खातं. सांधे पोकळ झाले की रोजचं पाणी आत, टाइलच्या मागे. आता मी लिंबाचं फूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, वापरते. लिटरभर गरम पाण्यात तीन-चार चमचे, दहा मिनिटं ठेवायचं, घासायचं आणि भरपूर पाण्यानं धुऊन टाकायचं. दोन-तीनदा करावं लागतं, पण ते सौम्य असतं, सांधे तितके खात नाही.

जमीन तोडायची की नाही, हा पैशाच्या दृष्टीनं सगळ्यात मोठा प्रश्न होता. न्हाणीच्या, म्हणजे पाणी जायच्या भोकाच्या, जाळीत फडकं आणि प्लॅस्टिकची पिशवी घट्ट कोंबून आम्ही दोन इंच पाणी भरलं, भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारली आणि चोवीस तास दार लावून ठेवलं. दुसऱ्या दिवशी पाणी रेघेलाच होतं. खालच्या भाडेकरूंच्या स्वयंपाकघरात जाऊन छत हातानं चाचपून पाहिलं, कोरडं. त्या क्षणी मला फार हायसं वाटलं. जमीन गळत नव्हती, म्हणजे ती न तोडता तिच्यावरच नवीन टाइल बसवता येणार होती.

मग आई नेमक्या कशामुळे घसरल्या? याचं उत्तर धाकटीच्या गोटीनं दिलं. कडियानं ती मागून घेतली आणि जमिनीवर ठिकठिकाणी सोडली. सगळीकडून ती न्हाणीच्या जाळीकडे जायची, पण दाराजवळच्या एका जागी घरंगळत येऊन थांबली. पुन्हा सोडली, पुन्हा तिथेच. जमीन तिथे जराशी बसली होती. पाणी साचत होतं, साबणाचा बुळबुळीत थर धरत होता, आणि आई त्याच जागी घसरल्या होत्या. इतकी वर्षं आम्ही तिथलं पाणी फक्त पुसत होतो.

आता खरेदी. आपण गुजरातेत राहतो, टाइल्सच्या कारखान्यांचं मोरबी आपल्याच राज्यात, त्यामुळे टाइल्सच्या बाबतीत आपली चंगळ आहे. पण नीट मोजून गेलं तरच. मी मुलीचा आलेखाचा कागद घेतला आणि कोपरा काढला. नळाची भिंत साडेचार फूट, बाजूची तीन फूट, उंची सहा फूट. बारा बाय अठराची टाइल आडवी लावली तर एका ओळीत तीन आणि दोन, अशा पाच. सहा ओळी, तीस टाइल्स. नळाचं भोक सोडलं तर एकही टाइल कापायची नाही, वाया काही नाही. एका खोक्यात सहा येतात, म्हणून पाच खोकी आणि एक जास्तीचं. जमिनीसाठी बारा बाय बाराची, खरखरीत मॅट, चार खोकी.

दुकानात दोन गोष्टी सांभाळाव्या लागल्या. एक म्हणजे भाव सांगतात तो बहुधा टॅक्स सोडून, आणि टाइल्सवर १८ टक्के जीएसटी आहे, त्यामुळे हिशोब सगळं धरूनच विचारायचा. दुसरं जास्त महत्त्वाचं. खोक्यावर शेड नंबर छापलेला असतो. नाव तेच, नक्षी तीच, पण भट्टी वेगळी असली तर रंगात फरक पडतो. आमच्या सहा खोक्यांपैकी दोन खोकी वेगळ्या नंबरची निघाली. घरी आल्यावर लक्षात आलं, खोकी फोडलेली नव्हती म्हणून दुकानदारानं बदलून दिली. रिक्षाचे दोनशे रुपये आणि अर्धा दिवस गेला. भिंतीवर लागल्यावर कळलं असतं तर काहीच करता आलं नसतं.

होळीनंतर काम सुरू केलं. आंघोळीची सोय शेजारच्या काकूंकडे, आठवडाभर. त्यांनी एकदाही तोंड वाकडं केलं नाही.

कोपरा फोडताना एक फार चांगली गोष्ट झाली. बोद्या टाइल्स सिमेंटपासून आधीच सुटलेल्या, त्यामुळे छिन्नी जराशी सरकवली की अख्ख्या हातात यायच्या. ज्या घट्ट होत्या त्यांचेच तुकडे झाले. अशा एकतीस टाइल्स धडधाकट मिळाल्या. मी त्या बादलीत रात्रभर भिजत टाकल्या, पाठीचं सिमेंट खरवडून काढलं. बाकीच्या भिंतींवर एकोणीस हव्याच होत्या. तसल्या सहा इंची पांढऱ्या टाइल्स आता बाजारात शोधून मिळत नाहीत, मिळाल्या तरी चाळीस वर्षांचा तो दुधी रंग कुठून आणणार? आता कुठली टाइल बदललेली आहे ते मलाही पटकन दाखवता येत नाही.

त्याच कोपऱ्यात वाईट बातमीही निघाली. प्लास्टर काढलं तर आतला लोखंडी पाइप गंजून पापुद्रे सुटलेला, एल्बोच्या, म्हणजे वळणावरच्या जोडाच्या, आट्यांतून थेंब थेंब पाझरत होता. खोलीतली ओल निम्मी तरी त्याचीच. प्लॅस्टिकचा सीपीव्हीसी पाइप टाकून घेतला, प्लंबरसकट २,६०० रुपये. नवा आरसा आणि कपाट यादीतून त्याच संध्याकाळी खोडलं. पाइप तसाच ठेवून वर नवी टाइल लावणं मला शक्य नव्हतं.

मग त्या भिंतीला नवं प्लास्टर, त्यावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा. जमिनीवरच्या चार बोद्या टाइल्स काढून खड्डे भरले, दाराजवळचा खोलगट भाग आदल्या दिवशीच उचलून घेतला, जुन्या टाइल्सची चकाकी ग्राइंडरनं घासून काढली. ग्राइंडरची धूळ फार वाईट, दारं ओल्या चादरींनी झाकली आणि कडियाला मास्क लावायलाच लावला. नुसत्या सिमेंटनं टाइलवर टाइल टिकत नाही, गुळगुळीत पाठीवर ते धरतच नाही. त्यासाठी टाइल ॲडहेसिव्ह लागतं. गोणीवर आयएस १५४७७ हा भारतीय मानकाचा नंबर आणि टाइप ३ लिहिलेलं पाहून घेतलं. वीस किलोच्या दोन गोण्यांत जमीन आणि कोपरा दोन्ही झालं. जमीन अर्धा इंच वर आली, पण उंबरा दोन इंची होता, त्यामुळे पाणी बाहेर येत नाही. दार खालून कुजलेलंच होतं, ते कापून ॲल्युमिनियमची पट्टी मारली. जाळी लावायच्या आधी गोटी पुन्हा सोडली. दाराजवळून सुटली ती थेट न्हाणीत गेली. आई खुर्ची टाकून बघत बसल्या होत्या, त्यांनी टाळीच वाजवली.

सांध्यांत कोपऱ्याला आणि जमिनीला इपॉक्सी ग्राउट भरलं. साध्यापेक्षा बरंच महाग, पण पाणी पीत नाही. ते कालवल्यावर जेमतेम पाऊण तास हाताशी असतो. म्हणून थोडं थोडं कालवायचं, आणि टाइलवर सांडलेलं ओल्या स्पंजनं लगेच पुसायचं, वाळलं की निघत नाही. बाकीच्या भिंतींचे सांधे मी स्वतः केले. हॅकसॉचं तुटकं पातं घेऊन जुनं काळं सिमेंट ओरखडून काढायचं, जुन्या टूथब्रशनं धूळ झाडायची आणि साधं पांढरं ग्राउट बोटानं दाबून भरायचं. रात्री जेवणं आटोपली की दोन तास, अशा तीन रात्री. बोटांची सालं निघाली, पण कडियाची दोन दिवसांची मजुरी वाचली. आणि खरं सांगायचं तर जुन्या भिंती नव्या दिसायला लागल्या त्या या सांध्यांमुळेच. टाइल्स मळलेल्या नव्हत्याच फारशा, सांधे काळे होते.

कडिया पाच दिवस, हजार रुपये रोज. मदतनीस तीन दिवस, सहाशे रुपये रोज. भिंतीच्या आणि जमिनीच्या सगळ्या टाइल्स, ॲडहेसिव्ह, ग्राउट, सिमेंट-रेती, पाइप, डबर उचलायचे ७०० आणि आईंसाठी स्टीलचा धरायचा दांडा ६५०, रिक्षा धरून सगळं मिळून १८,९३० झाले. दांडा नव्या टाइल्सवर भोक पाडून, भिंतीत खोलवर स्क्रू घेऊन लावला आणि स्क्रूच्या भोवती सिलिकॉन भरलं, नाहीतर पाणी पुन्हा तिथूनच शिरलं असतं.

उरलेल्या टाइल्स शेड नंबरच्या खोक्यातच घालून पोटमाळ्यावर ठेवल्या आहेत, जुन्या बारा पांढऱ्यांसोबत. आमच्या खोलीतल्या ओलीच्या डागाभोवती मी पेन्सिलीनं कड काढून तारीख घातली होती, २९ मार्च. आत आता आणखी दोन कडा आहेत, प्रत्येक पहिलीपेक्षा लहान. रंग पावसाळा उलटल्यावर.