गाव, तारीख, नाव

आषाढातल्या एका दुपारी पाऊस जरा उघडला, तेव्हा घरामागच्या तरोट्याची एक फांदी तोडून मी ती जुन्या वर्तमानपत्रात दाबली आणि तुरीच्या कट्ट्याखाली ठेवून दिली. कारण विचाराल तर काहीच नाही. गावच्या शाळेत विज्ञानाच्या सरांनी लावलेली ती खोड आहे. पावसाळ्यात दाबलेल्या वनस्पतीचा कागद रोज बदलावा लागतो, नाहीतर पानांवर बुरशी धरते आणि आई सगळे बाड उकिरड्यावर नेऊन टाकते. सरांचा खरा आग्रह मात्र चिठ्ठीचा असे. गाव, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव नसलेल्या नमुन्याला ते कचरा म्हणत, आणि मग हटकून फादर सांतापाव यांचा विषय निघे.

हर्मेनेगिल्ड सांतापाव 1903 साली स्पेनमधल्या ला गालेरा या गावी जन्मले. जेझुइट या कॅथलिक संघाचे हे धर्मगुरू 1928 मध्ये भारतात आले, पुढे मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवू लागले आणि इथलेच नागरिक झाले. तिथल्या वनस्पतिसंग्रहालाही एथेलबर्ट ब्लॅटर या स्विस जेझुइटाचेच नाव आहे; या मंडळींना प्रार्थनेइतकाच पाल्याचाही नाद असावा. सांतापाव यांनी खंडाळ्याचे डोंगर तुडवून तिथल्या वनस्पतींवर ग्रंथ लिहिला, भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेची धुरा सांभाळली, आणि 1967 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मला मात्र त्या पद्मश्रीपेक्षा एकच प्रश्न जास्त छळतो: खंडाळ्याच्या पावसात हा माणूस कागद वाळवत तरी कसा असेल? आमच्याकडे पाऊस चार दिवस लागून राहिला की चुलीजवळ टांगलेले कपडेसुद्धा ओलेच राहतात.

सरांची ती चिठ्ठी माझ्या अंगात इतकी भिनली आहे की बियाण्याच्या डब्यावर, लोणच्याच्या बरणीवर, एवढेच काय छत्रीच्या दांड्यावरही मी तारीख घालतो, आणि घरातले हसतात. हसोत बापडे. अमुक वनस्पती अमुक ठिकाणी अमुक साली उभी होती, एवढे सांगणारा साक्षीदार त्या चिठ्ठीखेरीज दुसरा कोण? आमच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, लहानपणी कुंजर आणि पाथरी भाजीपुरती सहज मिळत असे. आता तणनाशकाने धुरे सारवल्यासारखे दिसतात, आणि ती भाजी नेमकी कधीपासून मिळेनाशी झाली हे गावात कोणालाच सांगता येत नाही. मुलगा म्हणतो, बाबा, फोटो काढून ठेवत जा, मोबाईल जागा आणि तारीख आपोआप नोंदवतो. नोंदवत असेल, पण फोटो काढायला कुंजर तर उरली पाहिजे ना.