हात काळे होतात, पण...

"मेकॅनिककडे टाक की, कशाला हात काळे करतोस?"

शेजारचे काका सहज बोलून गेले. मी मोटरसायकलच्या चेनचा ढिलेपणा मोजत होतो. मॅन्युअलमध्ये 20 ते 30 मिलिमीटर दिलाय, माझी 40 च्या घरात गेली होती.

मागचं चाक हळूहळू फिरवत चेन सगळ्यात ताठ कुठे होते ते शोधायचं आणि तिथेच मोजायचं. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही ना! मग अ‍ॅक्सलचा, म्हणजे चाकाच्या दांड्याचा, नट सैल करून दोन्ही अ‍ॅडजस्टर (चेन ताणायचे स्क्रू) सारखेच फिरवायचे. दोन्ही बाजूंच्या खुणा जुळल्या नाहीत तर चाक तिरकं बसतं, स्प्रॉकेट, म्हणजे चेन ज्यावर फिरते ते दातेरी चक्र, खाल्लं जातं.

घाईच्या गॅरेजमध्ये एवढा वेळ कोण देणार? मला द्यावासा वाटतो. आता गाडीचा प्रत्येक आवाज कुठून येतो ते कळतं, आणि त्याचं फार समाधान आहे.

तुम्ही गाडीचं कुठलं काम स्वतःच करता?