लेबलं पुसली गेली आणि नोनी कामाला आली

परवा लॅबमध्ये जे झालं ते अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय. मी फळमाश्यांवर काम करते, ड्रोसोफिला सिम्युलन्स आणि ड्रोसोफिला सेशेलिया, यातली दुसरी फक्त हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवरची. क्रॉस, म्हणजे दोन जातींचा संकर, लावायचा होता म्हणून सकाळपासून दोन्हींच्या व्हर्जिन (अजून नराशी समागम न झालेल्या) माद्या निवडून दहा-दहा अशा दोन व्हायलींत, म्हणजे छोट्या नळ्यांत, भरल्या, आणि इथेनॉल सांडलं नि दोन्हींवरची मार्करची अक्षरं साफ गेली. नर असते तर मायक्रोस्कोपखाली जननांगाचा आकार बघून लगेच कळलं असतं, पण या सगळ्या माद्या, मला तरी दोन्ही सारख्याच दिसतात.

मी सगळं फेकून पुन्हा सुरू करणार होते, तेवढ्यात सीनियर म्हणाली, "अगं फेकतेस कशाला, नोनी लाव ना!"

नोनीचं फळ म्हणजे सेशेलियाचं सगळं घरदार, त्यावरच खाणं, त्यावरच अंडी. पिकल्यावर त्याला खूप जुन्या चीजसारखा उग्र दर्प येतो कारण त्यात ऑक्टॅनोइक आणि हेक्झॅनोइक आम्लं असतात आणि यातलं ऑक्टॅनोइक तिच्या जवळच्या बहिणींना, म्हणजे सिम्युलन्सला आणि लॅबमधल्या नेहमीच्या फळमाशीला, मेलॅनोगॅस्टरलाही, चक्क विष. फळ मात्र ऐन पिकलेलं हवं, कुजलं की आम्ल कमी होतं आणि मग इतर जातीही त्यावर येतात, म्हणून आम्ही नीट बघून एक निवडलं. दोन रिकाम्या व्हायलींत एकेक फोड ठेवली, प्रत्येकीत तीन-तीन माश्या सोडल्या.

सुरुवातीला काहीच नाही. मग एका व्हायलीतली एक माशी अडखळली, उताणी पडली, पाय थरथरायला लागले, थोड्या वेळाने उरलेल्या दोघीही तशाच. आणि शेजारच्या व्हायलीत तिघीही फोडीवर निवांत चढून बसलेल्या, सोंड लावून खातायत! पेपरात शंभरदा वाचलेलं, पण असं शेजारी शेजारी बघताना अंगावर काटा आला.

बरं विष नुसतं सोसते असं नाही, सेशेलियाच्या शरीरात डोपामीन हे चेतारसायन कमी बनतं आणि ज्यापासून डोपामीन बनतं त्या नोनीतल्या एल-डोपाने ती कमतरता भरून निघते, म्हणून नोनी मिळाली की ती अंडी जास्त घालते. आणि या दोन जाती वेगळ्या होऊन उत्क्रांतीच्या हिशोबाने फार काळ झालेला नाही, अजून त्यांचा संकर होतो. मुली प्रजननक्षम, मुलगे वांझ, जीवशास्त्रज्ञ हाल्डेनने 1922 मध्ये सांगितलेला नियम तो हाच. त्या मुलींमुळेच तर दोन्हींचे जीन्स मिसळून नेमक्या कुठल्या बदलाने विष पचायला लागलं ते शोधता येतं, मला तर याहून मोलाची माशी माहीत नाही.

त्या तीन सिम्युलन्स वाचल्या नाहीत, वाईट वाटलं. उरलेल्या सात माद्यांसोबत संध्याकाळी सेशेलियाचे नर सोडले. साधारण दहा दिवसांनी हायब्रिड बाहेर येतील, नर जरा मोठे झाले की पहिलं काम त्यांच्या वृषणात शुक्राणू हलतायत का ते बघायचं. आणि लेबलं आता पेन्सिलने.